गोळी, सुई, मलम की पट्टी: दुखण्याचं औषध तुम्हाला कुठल्या वाटेनं मानवलं?

मागवाला_शहापूर

नमस्कार मंडळी. घरात तीन आठवडे हाच विषय चाललाय, म्हणून इथं धागा काढतोय.

आईचा (वय ६८) उजवा गुडघा बेळगावातच बदलून घेतला. चाळीस वर्षं खड्ड्याच्या हातमागावर बसलेली बाई, पायानं पावड्या दाबून दाबून गुडघ्याची वाटी पार घासून गेली होती. ऑपरेशन चांगलं झालं, त्याबद्दल तक्रार नाही. मजा पुढं आहे.

पहिल्या दिवशी पाठीत बारीक नळी ठेवून त्यातून औषध चालू होतं. आई निवांत, शेजारच्या खाटेवरच्या बाईला मांडे कसे ओढायचे ते सांगत होती. दुसऱ्या दिवशी नळी काढली आणि सलाईनमधून पॅरासिटामॉलची बाटली सुरू झाली. तेही चाललं. तिसऱ्या दिवशी गोळ्या दिल्या आणि आईचा चेहराच पडला. म्हणाली, "बिल झाल्यावर ह्यांनी हात आखडला बघ. सुईनं बारा आणे आराम पडायचा, गोळीनं चार आणेबी नाही."

डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, औषध तेच आहे, मात्राही तीच, फक्त तोंडातून. आईला पटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही अर्धवटच पटलं.

आता दुसरी गोष्ट. त्याच तिसऱ्या रात्री दोन ते चार आई रडत होती. बेल दाबली तर कुणी लगेच आलं नाही. आणि घरी सोडताना जो कागद देतात, हसऱ्या-रडक्या तोंडांचा, त्यावर 'वेदनेच्या उपचाराबद्दल समाधानी आहात का' ह्या प्रश्नापुढं आईनं सगळ्यात मोठ्या हसऱ्या तोंडावर खूण केली! मी म्हटलं, "आई, त्या रात्री काय झालं होतं आठवतंय का?" तर म्हणे, "ती पोर बिचारी आली ना शेवटी. माझा हात धरून बसली. तिनं काय करायचं?"

मला दोन गोष्टी विचारायच्यात. एक, सुई आणि गोळीत खरंच फरक असतो का? दोन, तुमच्या घरात कुणाला कुठल्या प्रकारानं समाधान वाटलं, आणि ते कशामुळं? हॉस्पिटलांची आणि डॉक्टरांची नावं घेऊ नका, भांडण लागतं.

कडोलीवाला

आमच्यात सुई टोचली नाही तर डॉक्टरनं तपासलंच नाही असं असतंय. गोळ्या दिल्या तर म्हातारी माणसं दारातच विचारतात, "मग एवढ्या लांब आलो कशाला?"

आमच्या बाबांचं सांगतो. गेल्या सालच्या रताळ्याच्या काढणीत कंबर धरली. एका दवाखान्यात नेलं, नाव घेत नाही. गर्दी होती. बाबांना आडवंबी केलं नाही, टेबलाला धरून उभ्यानंच कमरेखाली सुई. सुई जाताक्षणी बाबा ओरडले, पायात वीज गेली म्हणून. डॉक्टर म्हणाला, होतंय असं. कंबर तासाभरात मोकळी झाली, बाबा खूश. संध्याकाळी घरात चालताना चप्पल मागं राहायली आणि पाय पुढं जायला लागला. पाऊल वर उचलेचना. उंबऱ्याला अडकून दोनदा पडले.

मग मिरजेला दाखवलं. मज्जातंतूची शीर दुखावली म्हणाले. आठ महिने झाले, आता बऱ्यापैकी आहे, पण अजून पिंडरीला प्लास्टिकची पट्टी बांधून शेतात जातात.

आणि आता ऐका. ह्या दिवाळीत परत कंबर धरली तर बाबा म्हणतात, "त्याच डॉक्टरकडं चल, हाताला गुण आहे. फक्त ह्या खेपेला दंडात मार म्हणावं." समाधानाचं काय विचारताय राव!

स्ट्रिपवाला

(औषधाचं दुकान, खानापूर रोड. बावीस वर्षं काउंटरमागं.)

कडोलीवाले, वाचून वाईट वाटलं. पण बाबांचं म्हणणं मी रोज ऐकतो, वेगवेगळ्या तोंडातून.

माझ्याकडं येणाऱ्यांचे तीन प्रकार. पहिला म्हणतो, "सुई मारणारं कोण आहे का इथं?" दुसरा म्हणतो, "लाल रेघेची, गुडघ्याची, दोन द्या", कागद नाही, काही नाही. तिसरा सगळ्यात अवघड. त्याच्याकडं तीन डॉक्टरांच्या तीन स्ट्रिपा असतात, तिन्हींची नावं वेगळी, आणि तिन्हीत पॅरासिटामॉल आहेच. एक दाताची, एक तापाची, एक कंबरेची. धडधाकट माणसाला दिवसाला ४ ग्रॅम ही वरची हद्द. ६५० मिलिग्रॅमच्या सहा गोळ्या झाल्या की जवळ पोहोचलात. वाळलेलं म्हातारं माणूस, रोजचा पिणारा, किंवा यकृत आधीच बिघडलेला असेल तर त्याच्याही बऱ्याच आधी थांबायला लागतं. नाव बघू नका, नावाखालची बारीक अक्षरं बघा.

दुसरा गैरसमज: "गोळीनं पोट जळतं म्हणून सुई घेतो." डायक्लोफिनॅकसारखी औषधं पोटाला त्रास देतात ती नुसती पोटात पडतात म्हणून नाही. ती रक्तात जाऊन जो पदार्थ दुखणं आणि सूज वाढवतो तो बनू देत नाहीत, आणि त्याच जातीचा पदार्थ पोटाच्या अस्तराची राखण करत असतो. त्यामुळं सुईनं घ्या, खालून (गुदद्वारातून) ठेवा, अस्तराची राखण जातेच. किडनीचंही तसंच. बीपीच्या गोळ्या चालू असलेल्या माणसानं तर ही औषधं आपल्या मनानं घेऊच नयेत. माझ्या काउंटरवरून मी हे सांगितलं की गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जातं, हा भाग निराळा.

ता. क. ह्याच डायक्लोफिनॅकनं देशातली गिधाडं संपत आणली. औषध दिलेली जनावरं मेली, ती खाऊन गिधाडांच्या किडन्या गेल्या. २००६ मध्ये जनावरांसाठी ते बंद झालं. मग लोक माणसांच्या मोठ्या बाटल्या म्हशींना टोचायला लागले, म्हणून २०१५ मध्ये माणसांचंसुद्धा ३ मिलीच्या एका डोसाच्या ॲम्पुलमध्येच विकायचं असं ठरलं. विषयाला सोडून आहे, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

कुंपणावरचा

गिधाडं कुठून आली धाग्यात?

स्ट्रिपवाला

गेली कुठं, असं विचारा.

निपाणीची_लेक

आमची आई विडी कामगार. आता डोळ्यांना दिसत नाही म्हणून सोडलंय, पण सकाळपासून दिवे लागेपर्यंत मांडीवर सूप घेऊन मान खाली, हे तीस वर्षं. मान आणि उजवा खांदा कायमचा गेला.

गोळ्या घ्यायची नाही. का, तर तंबाखूनं आधीच पोटात ढवळतं, त्यात गोळी नको. मग डॉक्टरांनी मलम दिलं, डायक्लोफिनॅकचंच जेल. आईला ते मानवलं. पण त्यातही अडचण बघा: जेलचा वास हाताला राहिला की पानाला लागतो, आणि मालक विडी छाटात टाकतो. त्यामुळं ती स्वतः लावायची नाही. रात्री मी लावायची, सकाळी शाळेला जायच्या आधी परत मी लावायची. चार बोटांना पुरेल एवढं घ्यायचं, खांद्याच्या पात्यापाशी जिथं गाठ लागते तिथं गोल गोल.

पुढं मी मिरजेत नर्सिंग केलं तेव्हा कळलं की जेलमधून रक्तात जाणारं औषध गोळीच्या मानानं फारच थोडं असतं, शेकडा ६ च्या आसपास. म्हणून पोटाला जपतं. गुडघा आणि हाताच्या बोटांच्या सांध्यांना त्याचा चांगला उपयोग होतो, कारण सांधा कातडीच्या जवळ असतो. खोल दुखण्याला तेवढा नाही. आईच्या मानेचं दुखणं खोलच होतं.

लग्न होऊन मी इकडं आले. आईला तेच जेल, त्याच कंपनीचं, पाठवते. आता म्हणते, "पहिल्यासारखं लागू पडत नाही ग." वहिनी लावते ना, विचारलं तर म्हणे, "लावते की. घाईत लावते."

भूलवाली

मी भूलतज्ज्ञ आहे. माहेर येळ्ळूर, काम शहरात. इथं कुणाला डोस सांगणार नाही, पण मागवाला ह्यांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर देते.

तुमच्या डॉक्टरांचं बरोबर आहे आणि तुमच्या आईचंही. सलाईनमधून दिलेल्या पॅरासिटामॉलची बाटली १५ मिनिटांत संपते आणि औषध लगेच कामाला लागतं. गोळी पोटात विरघळून रक्तात यायला अर्धा ते एक तास लागतो. पण एकदा आली की पेशंट गिळू शकत असेल तर गोळी बाटलीपेक्षा कमी पडते असं दिसलेलं नाही. मग आईला चार आणे का वाटलं? तर बाटली घड्याळानं लागत होती. गोळी बहुतेक "दुखलं तर घ्या" म्हणून उशाशी ठेवलेली असणार. गुडघा ठणकायला लागला, आईनं सोसलं, मग सांगितलं, मग गोळी, मग तास. त्या तासाला तिनं गोळीचं अपयश म्हटलं.

कॅन्सरच्या दुखण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेनं १९८६ मध्ये जी पद्धत सांगितली तिचे पहिले दोन नियम असेच साधे होते: शक्यतो तोंडातून, आणि घड्याळाप्रमाणे. आपल्याकडं पहिला पाळतात आणि दुसरा विसरतात.

समाधानाचं म्हणाल, तर आमच्या शास्त्रात हे जुनं कोडं आहे. ऑपरेशननंतर चांगलंच दुखलेले पेशंट विचारल्यावर "समाधानी" म्हणतात, हे वेगवेगळ्या देशांत पुन्हा पुन्हा दिसलंय. लोक दुखण्याला गुण देत नाहीत, वागणुकीला देतात. शिवाय "ऑपरेशन म्हटल्यावर दुखणारच" ही तयारी असते. म्हणून मी हसऱ्या तोंडाचा कागद बाजूला ठेवते आणि विचारते: काल रात्री झोप मोडली का, कूस बदलता आली का, खोकला काढता आला का.

आणखी एक प्रकार इथं कुणी लिहिला नाही म्हणून सांगते. बटणाचा पंप. औषध बहुधा मॉर्फिन, रक्ताच्या शिरेत नळी, बटण पेशंटच्या हातात. दाबलं की ठरलेला छोटा डोस, बऱ्याचदा १ मिलिग्रॅम, आणि त्यानंतर ५ ते १० मिनिटं कितीही दाबा, पंप देत नाही. ह्यावरच्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या तेव्हा नर्सनं मागणीप्रमाणे सुई देण्यापेक्षा पंपवाले पेशंट जास्त समाधानी निघाले. दुखणं कमी झालं होतं, पण फार नाही. औषध मात्र थोडं जास्तच घेतलं होतं, अंगाला खाजही जास्त सुटली होती. तरी समाधान जास्त. मी विचारते तेव्हा पेशंट सांगतात, "कुणाला हाक मारावी लागली नाही."

एक कडक सूचना: ते बटण फक्त पेशंटनं दाबायचं. पेशंट गुंगला की त्याचं बोट आपोआप थांबतं, हीच त्यातली सुरक्षा. मुलगा मायेनं दाबत बसला तर श्वास मंदावून माणूस जाऊ शकतो.

कडोलीवाले, बाबांच्या बाबतीत: कमरेखालची सुई कुल्ल्याच्या वरच्या बाहेरच्या चतुर्थांशातच द्यायची असते, पेशंटला आडवं करून. आतल्या-खालच्या बाजूनं पायाची मोठी शीर (मज्जातंतू) जाते. सुई टोचताना पायात वीज गेली असं पेशंट म्हणाला तर औषध न सोडता सुई काढायची. "होतंय असं" हे उत्तर नाही.

कडोलीवाला

बाबांना वाचून दाखवलं. म्हणाले, "बाई हुशार आहे. सुई मारते का विचार."

टिळकवाडी_कट्टा

भूलवाली मॅडम, सगळं खरं, पण आमच्या बाजूला आधी 'किती दुखतंय' हेच कळवायची पंचाईत. नर्सताई गोकाककडच्या, कानडी बोलणाऱ्या. येऊन विचारतात, "नोव ऐतेन्री अज्जी?" म्हणजे दुखतंय का. आजी मान हलवते. मग बोटं दाखवतात, शून्य ते दहा. आजी तिसरीपर्यंत शिकलेली, दहापैकी किती म्हटल्यावर तिला परीक्षेचे मार्क वाटले. दहा म्हणाली. चांगले मार्क!

सीमेवरचा_वाघ

हेच तर! आपल्या भाषेत विचारायला एक माणूस ठेवता येत नाही? १९५६ पासून

धागा_राखण

वाघ, पुढचा मजकूर काढलाय. सीमाप्रश्नाचा धागा वेगळा आहे, तिथं या, मीही येतो. इथं गुडघा.

मागवाला_शहापूर

टिळकवाडी, आमच्याकडंही तसंच झालं, पण उलट बाजूनं. आई त्या पोरीला सांगत होती, "ठणकतंय ग, आत कुणी घण घातल्यागत." पोरीनं कागदावर नुसतं 'दुखणे आहे' अशी खूण केली. दुसऱ्या दिवशी आई म्हणाली, "आज ठणका नाही, पण भगभगतंय." परत तीच खूण. त्या पोरीची चूक नाही, तिला मराठी येत होतं ते 'जेवलात का' एवढंच. चौथ्या दिवशी तिनं स्वतः विचारलं, ठणका म्हणजे कसं? आईनं तिच्या तळहातावर मूठ आपटून दाखवलं. भगभग म्हणजे? आईनं तोंडानं चुलीवर फुंकर घातल्यासारखं केलं. "उरी!" म्हणाली पोर, म्हणजे कानडीत जळजळ. मग दोघी हसल्या. मला वाटतं आईनं त्या हसऱ्या तोंडावर खूण केली ती ह्याचीच.

भूलवाली

मागवाला, ही पोस्ट मी माझ्या विभागात वाचून दाखवणार आहे, परवानगी द्या. ठणका आणि भगभग ह्यांचं औषध वेगळं असू शकतं. भगभग, मुंग्या, करंट, हे बहुधा शिरेचं (मज्जातंतूचं) दुखणं असतं, त्याला साध्या वेदनाशामक गोळ्या फारशा लागू पडत नाहीत. म्हणजे ती खूण करताना निम्मी माहिती गळून गेली.

आणि दहाच्या मापाऐवजी मी येळ्ळूरच्या म्हाताऱ्यांना आण्यांत विचारते. "पहिल्या दिवशीचं दुखणं रुपया धरलं तर आज किती आणे?" लगेच उत्तर येतं. चौदा आणे, दहा आणे. पोरांना आणे कळत नाहीत, पण पोरांना दहापैकी कळतं.

खानापूरची_सून

चार दिवस वाचतेय, लिहू की नको करत होते. सासऱ्यांचं लिहिते.

त्यांना तोंडाचा कॅन्सर होता. घर जांबोटीच्या पुढं, पावसाळ्यात सहा सहा दिवस वीज नसते. सुरुवातीला मॉर्फिनच्या १० च्या गोळ्या होत्या, दर चार तासांनी. ह्या गोळ्या कुठल्याही दुकानात मिळत नाहीत, मान्यता असलेल्या हॉस्पिटलातूनच आणाव्या लागतात. २०१४ मध्ये कायदा सुधारल्यावर ते सोपं झालं म्हणतात. आम्हाला सोपं असं काही वाटलं नाही, पण मिळत होत्या. पहिल्या दिवशी सासूबाईंनी डबी देवाच्या फळीवर ठेवली आणि म्हणाल्या, "शेवटचं औषध आहे ना हे?" कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की मॉर्फिन दिलं म्हणजे संपलं. सासरे त्यानंतर अकरा महिने होते. त्यातले सात महिने अंगणात बसून सुपारी कातरायचे, खाता येत नव्हती तरी, दुसऱ्यांसाठी.

गोळीचा त्रास दोनच. एक बद्धकोष्ठ. त्याचं औषध पहिल्या दिवसापासून बरोबर घ्यायला सांगितलं होतं, आम्ही आठवडाभर दुर्लक्ष केलं आणि मग जे झालं ते लिहीत नाही. दुसरा, रात्री दोनला उठवणं. मी गजर लावून उठायची, ते जागेच असायचे. "अजून दहा मिनिटं आहेत" म्हणायचे. वाट बघण्याचं दुखणं गोळीनं जात नाही.

पुढं तोंड उघडेना, गोळी गिळता येईना, तेव्हा फेंटानिलची पट्टी दिली. छातीवर चिकटवायची, तीन दिवसांनी बदलायची, नवी दुसऱ्या जागी. सासरे हसले. म्हणजे हसल्यासारखं केलं. कागद चिकटवून काय होणार? आणि पहिल्या दिवशी खरंच काही झालं नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं की बारा ते चोवीस तास लागतात, तोवर मॉर्फिनचं पातळ औषध चालू ठेवा. दुसऱ्या रात्री ते झोपले. मी गजर बंद केला नव्हता, दोनला उठले, तर ते घोरत होते. मी तिथंच पाटावर बसून राहिले.

एक चूक आमच्याकडून झाली ती सांगते, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. श्रावणातला पाऊस, थंडी, म्हणून सासूबाईंनी त्यांना चुलीजवळ बसवलं आणि छातीला गरम पाण्याची पिशवी दिली. पट्टीवरच. तासाभरात ते बोलताना अडखळायला लागले, डोळे मिटायला लागले, श्वास मोजता येईल इतका सावकाश. फोनला रेंज नाही. दीर मोटारसायकलवरून चढावर गेले, तिथून फोन लावला. डॉक्टरांनी सांगितलं, पट्टी आत्ता काढा, शेकोटीपासून लांब न्या, बोलतं ठेवा आणि घेऊन या. गरमीनं कातडीतून औषध भराभर आत जातं. पट्टी काढली तरी कातडीत साठलेलं औषध बराच वेळ उतरत राहतं, म्हणून रात्रभर तिथंच ठेवून घेतलं. बरे झाले. नंतर म्हणाले, "एवढी झोप लग्नानंतर पहिल्यांदाच लागली."

वापरलेली पट्टीसुद्धा रिकामी नसते. चिकट बाजू आत घेऊन दुमडायची आणि पोराबाळांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवायची. आमच्याकडं रांगतं मूल होतं, म्हणून मी दुमडलेल्या पट्ट्या डब्यात घालून हॉस्पिटलात परत नेऊन द्यायची.

समाधान विचाराल तर त्यांना पट्टीनं दिलं. मलाही दिलं. पण त्यांना त्या पट्टीतलं काय आवडलं ते सासूबाईंना माहीत होतं. त्या म्हणायच्या, "आता सुनेला उठवावं लागत नाही म्हणून बरं वाटतंय त्यांना."

निपाणीची_लेक

🙏

स्ट्रिपवाला

ताई, तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. एवढंच जोडतो: ही पट्टी ऑपरेशनच्या किंवा दाढेच्या दुखण्यासाठी नव्हे. परवाच एकानं विचारलं, "बाबांची उरलीय, मला कंबरेला लावू का?" ज्याला आधीपासून मॉर्फिनच्या जातीच्या औषधाची सवय नाही त्याचा श्वास बंद होऊ शकतो. त्याच जातीचं ट्रॅमाडॉलसुद्धा २०१८ पासून अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलंय, कागदाशिवाय मागू नका, मी देणार नाही आणि ओळख सांगून काही होत नाही.

अनगोळची_आई

खालून ठेवायच्या गोळीबद्दल कुणीच लिहिनात म्हणून मी लिहिते, टोपण नाव आहेच!

सिझेरियननंतर नर्स म्हणाली, कुशीवर वळा, गोळी ठेवायची आहे. मी हात पुढं केला. तिनं हसून सांगितलं कुठं ठेवायची ते. लाजेनं मेले. सासूबाई खोलीत, आत्या खोलीत. नर्सनं दोघींना "बाहेर जाऊन चहा घेऊन या" म्हणून पिटाळलं, पडदा ओढला, दहा सेकंदांत काम झालं. मला मळमळत होतं, तोंडातून पाणी ठरत नव्हतं, त्यामुळं दुसरा मार्ग सुईचाच होता. तासाभरात बाळाला घेऊन बसता आलं.

दुसऱ्या बाळंतपणात मीच मागितली. त्या वेळची नर्स दार उघडं ठेवून आली. तीच गोळी, तोच डोस, आणि मला विचाराल तर शून्य आणे.

कुंपणावरचा

मी फक्त एवढंच म्हणतो की दीडशे रुपये देऊन माणूस दोन रुपयांची गोळी घेऊन घरी येत नाही. सुईला दीडशे वाटतात. ह्यात शास्त्र बिस्त्र काही नाही.

भूलवाली

कुंपणावरचे, ते शास्त्रच आहे. महाग म्हणून सांगितलेली गोळी स्वस्त म्हणून सांगितलेल्या त्याच गोळीपेक्षा जास्त लागू पडते, हे दाखवलं गेलंय. दोन्ही गोळ्यांत औषधच नव्हतं!

मागवाला_शहापूर

सगळ्यांचे आभार. आता हालहवाल.

भूलवाली मॅडमचं वाचून डॉक्टरांना फोन केला. त्यांनी गोळ्या 'दुखलं तर' वरून वेळेवर केल्या: सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री दहा. स्ट्रिपवाल्यांचं वाचून घरातल्या सगळ्या स्ट्रिपा टेबलावर मांडल्या. बारीक अक्षरं बघितली तर सर्दीच्या गोळीत पॅरासिटामॉल होतं, आणि आई ती सकाळ-संध्याकाळ घेत होती. बंद केली. व्यायाम घेणारी मुलगी येते तिची वेळ सातची केली, म्हणजे गोळीला तास मिळतो. पहिल्यांदाच आईनं गुडघा नव्वद अंशांपर्यंत वाकवला. शिव्या दिल्या, पण वाकवला.

आण्यांचं मापही सुरू केलंय. नातीनं कॅलेंडरवर लिहायला घेतलंय. सोमवारी दहा आणे, बुधवारी आठ, शुक्रवारी परत दहा (त्या दिवशी आई न सांगता जिना उतरून मागाच्या खोलीत गेली होती), काल सहा. नात विचारते, "आज्जी, सहा आणे म्हणजे किती पॉइंट?" त्यावर घरात अजून भांडण चालू आहे.

काल वडगावची मावशी बघायला आली. आल्या आल्या, "सुई बंद केली? नुसत्या गोळ्यांवर ठेवलंय?" मी आईकडं बघितलं, आता ही काय बोलणार. आईनं उशाखालचा मोबाईल काढून लांब धरला, डोळे बारीक केले आणि म्हणाली, "दोनला अजून वीस मिनिटं आहेत. तोवर तू तुझ्या खांद्याचं सांग."